सतरा नंबरचं पातळ

आत्या विहिरीवर घागर ओढायला वाकली आणि टर्रकन आवाज झाला. आत्या तशीच वाकलेली राहिली.

"कुमू," मान न वळवता ती म्हणाली, "मागं कोण आहे?"

"कुणी नाही. मीच आहे."

"किती फाटलंय?"

मी पाहिलं. कमरेपासून पार गुडघ्यापर्यंत.

"थोडंसं," मी म्हटलं.

"खरं सांग."

"सगळंच."

"मग माझ्या मागं चाल. चिकटून चाल. आणि दादा समोर आला तर माझ्या पायातला काटा काढतेयस असं दाखव."

अशी आमची वरात विहिरीपासून मागच्या दारापर्यंत आली. सुदैवाने तिचा दादा, म्हणजे माझे आबा, पुढच्या खोलीत पत्रांवर शिक्के मारत होते. माझे वडील रोह्याचे पोस्टमास्तर. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पोस्ट आणि मागे आम्ही: आबा, आई, मी आणि आबांची धाकटी बहीण अंबूआत्या. आत्या सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा मी जन्मले नव्हते. आता ती छत्तीस वर्षांची होती, आणि इतक्या वर्षांत तिच्या अंगावर बिनकाठाच्या पांढऱ्या लुगड्याशिवाय दुसरं काही कुणी पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यातली. लढाईचं सहावं वर्ष. गिरण्यांचं कापड पलटणींकडे जायचं आणि गावाला उरलंसुरलं, तेही रेशनच्या कार्डावर, तेही आलं तर. आमच्या परकरांची लांबी दरवर्षी कमी होत होती आणि आम्ही दरवर्षी वाढत होतो. लग्नाकार्यात नवरी सोडून सगळ्या बायका हीव भरल्यासारख्या पदर लपेटून बसायच्या, कारण आत पोलक्याला पाठच नसायची. आत्याजवळ दोन लुगडी होती. ती एकमेकांना ठिगळं पुरवत होती. त्यातलं मूळचं कुठलं आणि जोडलेलं कुठलं, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात बातमी आली की हरखचंद शेठच्या दुकानात कार्डावरची चाळीस पातळं आली आहेत. सगळी पाचवारी. नऊवारी लुगडं सरकारला परवडत नव्हतं. कुठल्या रंगाचं कुणाला, यावरून मागच्या खेपेला दुकानात झोंबाझोंबी झाली होती, म्हणून या वेळी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठीवर जो नंबर निघेल ते पातळ घ्यायचं आणि मुकाट्याने घरी जायचं.

"पाचवारी तर पाचवारी," आबा म्हणाले. "पांढरं बघून आण म्हणजे झालं."

"चिठ्ठीत बघून कसं आणायचं दादा?"

"तेही खरंच," आबा म्हणाले, आणि मला आत्याबरोबर धाडलं.

बायकांची रांग दुकानाच्या पायरीपासून पिंपळापर्यंत गेली होती. आमच्या पुढे दुर्गाकाकू लिमये. त्यांच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि सुनेसाठी त्या पहाटेपासून उभ्या होत्या. शेठनी तांब्यातल्या चिठ्ठ्या हलवल्या. दुर्गाकाकूंना सोळा नंबर आला, आत्याला सतरा.

सोळा नंबरचं पातळ शेठनी पुढे टाकलं. करडं. चुलीतली राख जशी असते तसं. त्या चाळिसात बहुतेक सगळी तशीच होती.

"अगंबाई," दुर्गाकाकू म्हणाल्या. "हे नव्या नवरीला?"

"नशीब," शेठ म्हणाले आणि सतरा नंबर काढला.

पातळ पोपटी होतं. त्यावर ताटलीएवढाली नारिंगी जास्वंदं. एक इकडे, एक तिकडे, आणि पदरावर तीन एकत्र, कळ्यांसकट.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग दुर्गाकाकूंनी हुश्श केलं.

"चला, देवाला काळजी! अंबूताई, हे तुम्हाला काय करायचंय? द्या ते माझ्या सुनेला, आणि हे घ्या. तुम्हाला अगदी साजेसं आहे."

"हो, घ्या की," आत्या म्हणाली आणि पातळ पुढे केलं.

दुर्गाकाकूंनी एक टोक धरलं. दुसरं आत्याच्या हातात होतं. दुर्गाकाकूंनी जरा ओढलं. ते सुटेना. मी शेजारीच उभी होते, आणि मला आत्याचा अंगठा दिसत होता. तो एका जास्वंदीच्या पाकळीवरून हळूहळू फिरत होता, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"कुमू," आत्या एकदम म्हणाली, "त्या खांबावर सरकारी कागद लावलाय. काय लिहिलंय बघ बरं. बदललेलं चालतं का? वाच मोठ्यांदा."

आत्याला वाचता येत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. मी खांबाशी गेले. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: कार्डावर मिळालेले कापड विकणे हा गुन्हा आहे. बस्स, एवढंच.

मी आयुष्यात तोवर खोटं बोलले नव्हते असं नाही. पण सरकारच्या नावानं कधी बोलले नव्हते. मी घसा साफ केला आणि शाळा तपासायला दिपोटी आले की वाचायचे तशा आवाजात वाचलं:

"कार्डावर मिळालेले कापड विकणे, देणे अथवा बदलणे हा गुन्हा आहे. असे करणारास..." एवढं पुरेसं वाटेना म्हणून मी जोडलं, "असे करणारास तीन महिने सक्तमजुरी."

दुर्गाकाकूंनी चटका बसल्यासारखं टोक सोडलं.

रांगेत वाचता येणाऱ्या दोघीच होत्या, आणि त्या दोघींची नजर गठ्ठ्यावर होती. शेठ मराठी बोलायचे आपल्या वळणाचं, पण वाचायचे ते गुजराती. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "पोरगी हुशार आहे मास्तरांची," ते म्हणाले.

घरी आल्यावर आबांनी पातळ पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे?"

"सतरा नंबर," आत्या म्हणाली.

"बदलून आण."

"गुन्हा आहे. कुमूनं वाचलं. तीन महिने सक्तमजुरी."

आबा पातळापासून दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या पेन्शनीला चार वर्षं उरली होती, आणि सरकारी नियमाला ते सापाला भ्यावं तसे भ्यायचे. कायदा वाचायचा नसतो, पाळायचा असतो, असं ते नेहमी म्हणायचे, आणि खरोखरच त्यांनी कधी वाचला नव्हता.

"घरातल्या घरात दिलं तर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण नको. मी नऊवारीतली बाई. ते माझ्या अर्ध्यावरच संपेल. त्यापेक्षा वन्सं, आपण ते काथाच्या पाण्यात उकळू. चांगलं मातकट होईल."

"सरकारी मालात फेरफार?" आबा ओरडले. "पोस्टमास्तराच्या घरात? नको. अंबू, ते ट्रंकेत ठेवून दे."

"ठेवते," आत्या म्हणाली. "आणि नेसू काय?"

असं म्हणून ती पाठमोरी झाली. सकाळी लावलेलं ठिगळ रांगेत उसवलं होतं. आबांनी घाईघाईने आढ्याकडे पाहिलं.

"बरं, बरं. नेस. पण घरात. मागच्या दारी. आणि लढाई संपेपर्यंतच."

पाचवारीला आत परकर लागतो. त्याला कापड कुठून आणायचं? आईनं मैद्याच्या दोन रिकाम्या पिशव्या उसवल्या आणि परकर शिवला. पिशवीवरची इंग्रजी अक्षरं काही केल्या धुवून जाईनात.

"बरोबर मागं काहीतरी लिहिलंय," आत्या मान मागे वळवत म्हणाली. "काय आहे ते?"

मला तेवढं इंग्रजी येत होतं. "हमालांनी आकडे लावू नयेत, असं लिहिलंय."

"बरं आहे," आत्या म्हणाली.

तिला ते नेसायला शिकवलं मी. मी स्वतः कधी पातळ नेसले नव्हते, पण आमच्या शाळेतल्या बाई नेसायच्या आणि माझं शाळेतलं बरंचसं लक्ष त्यांच्या निऱ्यांकडेच असायचं. पहिल्या दिवशी आत्या भिंतीला धरून चालत होती. "पायात वारं शिरतंय," ती म्हणाली. "कासोटा नाही काही नाही, सुटून पडल्यासारखं वाटतंय मेलं."

आणि मग सुरू झाली तिची तक्रार. सकाळी उठल्यापासून आत्या त्या पातळाला बोल लावायची. काय ही फुलं, डोळ्यांत खुपतात. काय हा रंग, पोपट बरा. सरकारला विधवा-सधवा काही कळतं का? हुकूम म्हणजे हुकूम, आपण कोण बोलणार! पातळ वाळत घालायची ती रस्त्याकडच्या दोरीवर, कारण मागच्या बाजूला म्हणे ऊन येत नव्हतं. वीस वर्षं तिथंच लुगडी वाळली होती. पूर्वी ती देवळात एकादशीला जायची, आता रोज जायला लागली; देवाला जाताना आबांना अडवता येईना. "घरात बसून हे अंगावर घेऊन करू काय?" ती म्हणायची. "देवाला तरी दिसू दे माझी दशा." वाटेत कुणी थांबवलं की पदर पुढे धरून तीन जास्वंदं दाखवायची आणि कपाळाला हात लावायची.

मला मात्र अन्न गोड लागेना. मी त्या अंगठ्याकडे पाहून खोटं वाचलं होतं, आणि इथे आत्याचा जीव रोज त्या फुलांपायी तळमळत होता. मीच तिला सगळ्या गावापुढे हसं केलं होतं. दोनदा मी खरं सांगायला तिच्याजवळ गेले. दोन्ही वेळा तिनं मला, "माझ्या निऱ्या बघ गं, सारख्या आल्यात का?" असं विचारलं, आणि ते राहून गेलं.

पंधरा दिवसांनी अलिबागहून सप्लाय इन्स्पेक्टर आले. दुर्गाकाकूंनी मामलेदारांकडे अर्ज केला होता: शेठनी चिठ्ठ्यांत लबाडी करून नव्या सुनेला राख आणि विधवेला फुलं दिली. इन्स्पेक्टर शेठचं दुकान तपासून आमच्याकडे आले. गुप्ते नावाचे तरुण गृहस्थ होते, घामानं भिजले होते आणि फार सभ्य होते. मागोमाग दुर्गाकाकू आल्या, करडं पातळ छातीशी धरून. आबांनी इन्स्पेक्टरांना पोस्टातली एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः पार्सलांच्या खोक्यावर बसले. आई, आत्या आणि मी माजघराच्या दाराआड उभ्या राहिलो.

"शेठचं काही चुकलेलं दिसत नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "चिठ्ठीला कोण काय करणार? पण पोस्टमास्तर, एवढा घोळ घालण्यापेक्षा तुम्ही दोघांनी पातळं बदलून का नाही घेतली?"

आबा ताठ झाले. "साहेब, मी सरकारी नोकर आहे. असलं काम माझ्या हातून व्हायचं नाही."

"कसलं काम?"

"बदलण्याचं. गुन्हा आहे ना! विकणे, देणे अथवा बदलणे. तीन महिने."

इन्स्पेक्टर हसले. "असं कुठं आहे? विकू नका एवढंच आहे. द्या, बदला, सरकारचं काही म्हणणं नाही."

"पण खांबावरच्या कागदावर..."

"तो कागद मी आत्ताच पाहून आलो."

आबांनी दाराकडे पाहिलं. "कुमे," ते म्हणाले, "बाहेर ये."

मी बाहेर गेले. पायाखालची जमीन शेणानं सारवलेली होती, तिच्यावरच्या बोटांच्या रेघा मी मोजायला लागले.

"तू काय वाचलंस?"

मी अकराव्या रेघेवर होते. दुर्गाकाकू पुढे सरकल्या. आणि तेवढ्यात माझ्या मागून पोपटी काहीतरी सळसळत पुढे आलं. पोस्टात परका पुरुष बसलेला असताना आत्या कधी बाहेर आली नव्हती. ती आली, आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"तिला काही बोलू नकोस दादा. त्या कागदावर काय होतं ते मला ठाऊक होतं."

"तुला? तुला कसं ठाऊक असेल?"

"वाचलं होतं."

"अंबू, तुला वाचता येत नाही."

आत्यानं तपासणीसाठी टेबलावर काढून ठेवलेलं आमचं कार्ड उचललं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत नियम छापले होते. तिनं ते उजेडाकडे धरलं आणि वाचायला लागली. सावकाश, एकेका शब्दाला टेकत, पण कुठेही न अडखळता. पहिला नियम, दुसरा, तिसरा. कार्ड हरवल्यास काय करावे, तेसुद्धा. सातव्या नियमाखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

आबांनी कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"कधी शिकलीस?" आबांनी विचारलं.

"कुमू पहिलीत गेली तेव्हा. ती धडा घोकायची, मी भाकऱ्या थापायची. तिची पुस्तकं मग माळ्यावर जायची, ती मी खाली काढायची. ती आता सातवीत आहे." आत्या जरा थांबली. "मीपण सातवीतच आहे."

"मग दुकानात तिला वाचायला कशाला सांगितलंस?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "मला ते पातळ सोडवेना. म्हटलं, खरा नियम चारचौघांत ऐकला की लाजेनं तरी हात सुटेल. तर या कार्टीनं भलतंच वाचलं. मग मीही काही सोडलं नाही."

"म्हणजे इतके दिवस तू जी बोंब मारत होतीस..."

"ती बोंब मारली नसती तर तू एक दिवस तरी नेसू दिलं असतंस का रे?"

आबा पुन्हा चष्मा पुसायला लागले. दुर्गाकाकू मात्र पुढे झाल्या. "ऐकलंत ना साहेब? आता तर प्रश्नच मिटला. गुन्हा नाही काही नाही. हे घ्या अंबूताई तुमचं, आणि ते द्या." त्यांनी करडं पातळ पुढे केलं.

इन्स्पेक्टर आत्याकडे वळले. "काय बाई? बदलून देता?"

आत्या त्या करड्या पातळाकडे पाहत राहिली. मला वाटलं, देणार. एवढं सगळं उघडं पडल्यावर कुणीही दिलं असतं. तिचा अंगठा पदरावरच्या जास्वंदीवर होता.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? का नाही?" दुर्गाकाकू उसळल्या. "लोक काय म्हणतील? पोस्टमास्तर, तुम्ही सांगा काहीतरी!"

आबा खोक्यावरून उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली. पोस्टात मोठं रजिस्टर काढताना ते तशीच लावायचे.

"साहेब," ते म्हणाले, "आपल्या कागदावर लिहून घ्या. कार्डधारक अंबिकाबाई पातळ बदलण्यास तयार नाहीत."

इन्स्पेक्टरांनी टाक उचलला. "कारण?"

"कारणाला रकाना आहे का?"

इन्स्पेक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "नाही."

"मग नका लिहू," आबा म्हणाले. "चहा आणा गं कुणीतरी."

दुर्गाकाकू चहाला थांबल्या नाहीत. त्यांनी सुनेचं पातळ घरीच गुलाबी रंगात बुडवलं. रंग कच्चा निघाला आणि ऐन वैशाखात नेसल्यामुळे घामानं त्यांची सून गळ्यापासून पावलांपर्यंत गुलाबी झाली. ती पोर हसरी होती. ती आमच्याकडे यायची, आत्याच्या जास्वंदांना हात लावून बघायची, आणि जाताना आमच्या ओट्यावर गुलाबी डाग ठेवून जायची.

आबा त्या दिवसानंतर आत्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी वाचून झालेलं वर्तमानपत्र आतल्या दारातून तिच्यापुढे टाकलं आणि काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या वर्षी मराठी फायनलचा, म्हणजे सातवीच्या परीक्षेचा, फॉर्म त्यांनीच आणला. आत्या गणितात नापास झाली. पुन्हा बसली.

लढाई संपली तरी कापडाचा कंट्रोल काही वर्षं राहिलाच. तोवर आत्या बिनघोर होती. कुणी पातळाकडे रोखून पाहिलं की म्हणायची, मिळेल ते नेसायचं, आपल्या हातात काय आहे? चिठ्ठीत तिला एकदा निळं आलं, एकदा चौकड्यांचं.

मग कंट्रोल उठला. हरखचंद शेठचं दुकान भरून वाहायला लागलं. आत्या आणि मी पातळ घ्यायला गेलो. चिठ्ठी नाही, नंबर नाही, खांबावर कागद नाही. शेठनी गादीवर तक्क्या सरकवून दिला.

"बोला अंबूताई. कुठला दाखवू?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच दुसरीकडे पाहिलं.

"पांढरा काढू?" शेठनी विचारलं.

"काढा," आत्या म्हणाली. काढलं. "ठेवा," म्हणाली.

मग तिनं तांबडं काढायला लावलं आणि ते उघडायच्या आधीच परत करायला लावलं. मग हिरवं. मग पिवळं. पातळांचा ढीग तिच्या गुडघ्याला लागला, मग कमरेला. शेठचा नोकर शिडी चढून उतरून दमला. तिच्या कपाळावर घाम आला होता. एकदा ती उठून दुकानाच्या पायरीपर्यंत गेली आणि परत आली. आम्ही दुपारी तीनला गेलो होतो. शेठनी कंदील पेटवायला घेतला.

"ताई," शेठ शेवटी म्हणाले, "मला एवढा तरी सांगा, घ्यायचाय कोणासाठी? म्हणजे मी त्याप्रमाणे काढतो."

आत्यानं त्या सगळ्या ढिगाकडे एकदा पाहिलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

मग तिला फार वेळ लागला नाही. ढिगाच्या तळातून तिनं एक जांभळं ओढून काढलं, दिव्याजवळ नेलं आणि पदर उलगडून पाहिला. त्याच्यावर फूल एकही नव्हतं. पोपट होते.